पिराच्या आवारातला ट्रान्सफॉर्मर

आमच्या अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली एक ट्रान्सफॉर्मर पडलेला होता. हिरवा रंग कधीच उडालेला, दोन्ही कुशींना फासळ्यांसारख्या लोखंडी नळ्या आणि वर चार म्हाताऱ्यांना ऐसपैस बसता येईल एवढं सपाट झाकण. सगळं गाव त्याला याक म्हणायचं, कारण एकदा बसला की तो उठत नाही. उन्हाळ्यात माझी बायको त्याच्यावर चिरलेले जर्दाळू वाळत घालायची. संध्याकाळी जर्दाळू उचलले की त्याच झाकणावर मी आणि आमचे खलिफा अलिफबेक जाऊन बसायचो. खलिफा आमच्या गावची लग्नं लावतात, मयतं करतात आणि रुबाब हे तंतुवाद्य मांडीवर घेऊन मद्दो, म्हणजे पिरांची स्तुतिगीतं, गातात. गाता गाता केलेलं ते निरूपण ऐकायचा मला लहानपणापासून नाद. एक वेळ जेवण चुकेल, पण गुरुवारची मद्दो नाही. या गुरुवारी कोणती गायची, हे आमचं त्या याकावर बसून ठरायचं.

हा याक आणला माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, शोइनबेक दाजींनी. देशात आपसातलं युद्ध सुरू झालं त्या वर्षी वरच्या खोऱ्यातले भूगर्भवाले रशियन लोक आपली छावणी तशीच टाकून निघून गेले. मग खोऱ्यातली सगळी माणसं तिकडे धावली. कुणी दारं आणली, कुणी खाटा, कुणी लोखंडी चुली. दाजींनी हे धूड आणलं. ट्रॅक्टर आमच्या दारापर्यंत आला आणि डिझेल संपलं. दाजी हसत मला, नजरममदला, म्हणाले, असू दे इथंच, नजर. का म्हणाले, ठेवून घे? की, वाट सुकली की वर नेतो? मला आजही नक्की आठवत नाही. पुढच्या वसंतात दाजी गेले. याक राहिला.

बहीण, सवसन-अपा, वरच्या वाडीत एकटी राहायची. गुंत नदीला जो ओढा मिळतो त्याच्या काठाने चढून गेलं की वाडी लागते. पूर्वी तिथं भरपूर घरं होती, आता तीनच चुली पेटत होत्या आणि अपाचं घर सगळ्यांत शेवटचं. घर मोठं, पाचही खांब अखंड अक्रोडाचे, छताच्या झरोक्यातून उन्हाचा चौकोन थेट चुलीवर यायचा. गुरुवारची मद्दो तिथंच व्हायची, कारण एवढी माणसं दुसऱ्या कुठल्या घरात मावत नसत. आणि तिथं आवाज जसा घुमतो तसा माझ्या घरात घुमत नाही, हे खलिफाही मान्य करायचे.

अडचण उजेडाची होती. ओढ्यावर आमच्या गावच्या कारागीर कदमशोने जुन्या पिठाच्या चक्कीच्या जागी एक यंत्र बसवलं होतं, त्यातून खालच्या गावाला बऱ्यापैकी वीज मिळायची. पण तारेने चढत चढत वरच्या वाडीत जाईपर्यंत तिचा जीव जायचा. अपाच्या घरातला दिवा विझत्या निखाऱ्यासारखा लाल दिसायचा. त्या उजेडात दिवा कुठं आहे एवढंच दिसायचं, बाकी काही नाही. रॉकेल मिळत नव्हतं. अपाची नजर अधू झालेली. मागच्या हिवाळ्यात अंधारात चालताना ती चुलीच्या कठड्यावरून पडली, बर्फात वाट बंद, शेजारणीने मनगट फडक्याने बांधलं ते वाकडंच जुळलं. तिची मुलगी निगोरा शहरात, खोरोगच्या दवाखान्यात, परिचारिका. तिने येऊन ते मनगट पाहिलं आणि आईला सांगितलं की बर्फ पडायच्या आत घरात धड उजेड आला तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि खोरोगला यायचं. अपाने कबूल केलं. कबूल केलेलं मोडणारी बाई नव्हे ती. पण त्यानंतर ती चुलीतली राख बाहेर टाकेनाशी झाली, पुन्हा पुन्हा तीच राख सारखी करत बसायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शोइनबेक दाजी तिथंच घरामागे पुरलेले. चूल गार करून त्यांना सांगायचं काय, असं तिला वाटत असावं.

मग एकदा कदमशो आमच्याकडे चहाला आला, याकावर बसला आणि त्याच्या कुशीवर थाप मारून म्हणाला, हा जर वरती नेला तर अपाची वीज उचलून धरेल.

मी विचारलं, कशी?

"याला दोन बाजू असतात, नजर-अका. एकीकडून मेलेली वीज आत घालायची, दुसरीकडून जिवंत बाहेर येते. आता कुठली बाजू कुठली, ते त्या पाट्यांवर लिहिलेलं होतं, आणि पाट्या तुमच्या नातवंडांनी सुरईला टोपण म्हणून लावल्या. पण बघू. लावून बघू."

कदमशोची हीच रीत. तो कधी खात्रीने बोलत नाही आणि त्याने लावलेलं बहुतेक वेळा चालतं.

मी त्याच दुपारी वर गेलो. खांबाला हात लावून ओठांना लावला, अपाच्या हातचा खारट दुधाचा चहा घेतला, त्यात भाकर कुस्करली आणि मोठ्या मनाने सांगितलं की अपा, माझा ट्रान्सफॉर्मर मी तुला दिला. अल्लाच्या नावाने दिला.

अपा किटली हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली.

"माझ्याच नवऱ्याची वस्तू मला दान करतोस होय रे?"

मी गडबडलो. मला खरोखरच तो माझा वाटत होता. इतकी वर्षं त्याच्यावर बसलो होतो. मी म्हणालो, दाजी म्हणाले होते ठेव. ती म्हणाली, ठेव म्हणाले, घे नाही म्हणाले. मी म्हणालो, मग तुझा तू घे. त्यावर ती म्हणाली की आता तू अल्लाचं नाव घेऊन बसलास, तोंडातून गेलं ते गेलं, तेव्हा दान म्हणूनच घेते. मी खाली उतरलो तोपर्यंत मला कळेनासं झालं होतं की मी काही दिलं, का जे माझं नव्हतंच ते परत केलं. उतरणीला हसूही येत होतं. दाजी असते तर मांडीवर हात मारून हसले असते.

याक हलवला तो दिवस गुरुवारचा. बायकोने जर्दाळूंची आठवण काढून तोंड फिरवलं, मग स्वतःच त्याचं झाकण पुसून दिलं, कारण लेक सासरी निघाली तरी आपण तोंड पुसून पाठवतो म्हणाली. कच्च्या वाटेपर्यंत ट्रॅक्टर, पुढे लाकडी घसरगाडी, तिला दोन बैल आणि मागून गावातले सगळे धडधाकट पुरुष. अर्ध्या वाटेवर पिराचं ठिकाण लागतं. आम्ही त्याला ओस्तोन म्हणतो. दगडांची बुटकी भिंत, तिच्यावर रानबकऱ्यांची शिंगं, आत एक काळा गुळगुळीत दगड, दिवा ठेवायचा कोनाडा आणि भिंतीच्या पायातून वाहणारा गार झरा. तिथून पुढे चढ उभा. बैलांनी पाय रोवले ते रोवलेच. सूर्य डोंगराआड चाललेला. घसरगाडी वाटेवर सोडली असती तर उतारावरून घसरत थेट ओढ्यात गेली असती. सपाट जागा म्हणायची तर एकच, भिंतीच्या आत. आम्ही सगळ्यांनी आधी भिंतीला हात लावून ओठांना लावला, पिराची परवानगी मागितली आणि याक आत सरकवून ठेवला. शुक्रवार विसाव्याचा, शनिवारी येऊन पुढे न्यायचा असं ठरलं. त्या दिवशी मद्दोला बसलो तेव्हा माझे खांदे इतके दुखत होते की रुबाबाच्या तारा कुणीतरी माझ्याच पाठीवर छेडतंय असं वाटत होतं.

शनिवारी बैल घेऊन गेलो तर खुशबेगिम-बीबी याकाला पाठ टेकून बसलेल्या. बीबी ओस्तोनची देखभाल करतात, दिवा लावतात, झाडलोट करतात. त्यांनी नुसता हात वर केला.

"पिराची वस्तू कुठं चालवलीत, नजरममद?"

मी म्हणालो, बीबी, ही आम्ही ठेवलेली. त्या म्हणाल्या, ठेवलीत ना? ठेवलीत गुरुवारी. गुरुवारी तिन्हीसांजेला मी दिवा लावला आणि धूर फिरवला.

रीत सगळ्यांना ठाऊक होती आणि एकालाही आठवली नव्हती. गुरुवारी तिन्हीसांजेला डोंगरातल्या सुगंधी पाल्याचा धूर ओस्तोनच्या आवारातल्या प्रत्येक वस्तूवरून फिरवतात, आणि धूर फिरला की ती वस्तू पिराची. कुणी रुमाल विसरलं तर रुमाल, कुणाचं कोकरू शिरलं तर कोकरू. माझ्या मावशीची नवी कोरी परात तिथं अजून आहे. आम्ही, जी माणसं लहानपणापासून तिथून टोपी डोक्यावर घट्ट धरून जातो, ती एवढं मोठं लोखंड नेमकं गुरुवारी, नेमकं संध्याकाळी आत ठेवून अपाच्या घरी मद्दो ऐकायला गेलो.

कदमशो म्हणाला, बीबी, तुम्हाला दिसतं कमी, धूर याकावरून गेला कशावरून? बीबींनी त्याला जवळ बोलावून झाकणाचा वास घ्यायला लावला. त्याने घेतला आणि मान खाली घातली.

खलिफांना बोलावलं. ते आले, आवाराभोवती एक फेरी मारली, दाढी कुरवाळली, झऱ्याचं पाणी प्यायले, पुन्हा एक फेरी मारली. लोकांनी आपापलं म्हणणं मांडलं. कुणी म्हणालं, वस्तू अर्पण करायचा मनात हेतू लागतो, आमच्या मनात फक्त दम खाणं होतं. कुणी म्हणालं, परातीच्या वेळी तरी कुणाच्या मनात हेतू होता? कुणी म्हणालं, पिराला वीज कशाला? त्यावर बीबी म्हणाल्या की पिराला परात तरी कशाला? हे सगळं ऐकून खलिफा माझ्या शेजारी भिंतीवर टेकले आणि हळू आवाजात बोलले.

"दुसऱ्या कुठल्या बाबतीत मी म्हटलं असतं की मोठ्या खलिफांना विचारून सांगतो. पण त्यांनाही हे कळणार नाही, नजर. मला माहीतच आहे."

तेव्हा मला एकदम सुचलं. दान माझं, पण वस्तू दाजींची, म्हणजे अपाची. ज्याची वस्तू त्याने ती पिराच्या दारात आणली नव्हती. मालकिणीला न विचारता दुसऱ्याच माणसांनी ठेवलेली वस्तू पिराची होईल कशी? खलिफांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, हे बरोबर वाटतं. बीबीही नाइलाजाने म्हणाल्या की मालकीण येऊन मागेल तर मी अडवणार नाही. आम्ही एक माणूस वर पिटाळला.

अपा काठी टेकत उतरली. भिंतीला हात लावून ओठांना लावला, बीबींच्या हाताचं चुंबन घेतलं, आमचं सगळं ऐकून घेतलं. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो की फक्त माझा म्हण, एवढाच शब्द म्हण. तिने वाकून याकाच्या कुशीवरून हात फिरवला. दाजींनी आणला त्या दिवसानंतर ती त्याला पहिल्यांदाच हात लावत असावी.

"माझाच आहे," ती म्हणाली. "म्हणून तर पिराला पोचला. दुसऱ्याचा असता तर चोरीचा झाला असता, पिराने घेतला नसता. धूर फिरलेली वस्तू मी घरात नेणार नाही."

मी म्हणालो, अपा, बर्फ तोंडावर आलंय. ती म्हणाली, मला दिसतंय. मी म्हणालो, निगोरा येईल. ती म्हणाली, येईल, मी कबूल केलंय. मग तिने आपल्या भांड्यात झऱ्याचं पाणी भरून घेतलं, जसं ती प्रत्येक वेळी घेऊन जाते, आणि चढणीला लागली. तिच्यापुढे कुणाचंच काही चाललं नाही. खलिफा तर नजर चुकवायलाच लागले, कारण गावात धर्माचं माणूस म्हणून त्यांना बसवलेलं, आणि तिथं उभ्या सगळ्यांना दिसत होतं की खरं धर्माचं माणूस काठी टेकत वर चाललंय.

त्या आठवड्यात शिखरांवर पांढरं उतरलं. निगोराचा निरोप आला की शुक्रवारी जीप घेऊन येते. अपाने लोकरीचे मोजे, पितळी भांडी, दाजींचा कोट असं सगळं गाठोड्यांत बांधलं. माझ्या बायकोने तिच्या कोंबड्या खाली आणल्या. मी दोनदा तिच्या घरापर्यंत गेलो आणि दारातूनच परत आलो. कशावर रागवायचं तेच कळत नव्हतं. पिरावर रागावणं माझ्याच्याने होत नाही, बीबींनी आपलं काम केलं होतं, अपाचं बोलणं खोडता येत नव्हतं, आणि आम्ही सगळे पुरुष मूर्ख होतो हे मान्य करूनही दिव्यात काही वीज येत नव्हती.

गुरुवार आला. अपा म्हणाली, शेवटची मद्दो माझ्या घरात होऊ दे. दोन्ही गावांतली माणसं आली. मेंढी कापली, मोठ्या कढईत ओश हे मेजवानीचं जेवण शिजलं. वर तो दिवा लाल टिकलीसारखा, खाली चुलीचा उजेड. खलिफांनी रुबाब लावला.

त्यांनी एक जुनी, फारशी न गायली जाणारी मद्दो घेतली. भाषा जुनी फारसी, आम्ही बोलतो ती नव्हे. तिच्यातले अर्धे शब्द मला कळतात, अर्धे नुसते अंगावरून जातात आणि तरी डोळे भरून येतात. एका ठिकाणी खलिफा तेच पद फिरून फिरून गाऊ लागले. दिवा पिराच्या कोनाड्यातच आहे, तो कुणी उचलला नाही, आणि नदीपल्याडच्या आंधळ्या बाईने आपल्या दारात उजेड पाहिला. मान डोलावता डोलावता मी मध्येच थांबलो.

माझ्या डोक्यात काहीतरी आलं होतं. मला ताडकन उठून बोलावंसं वाटलं. पण मद्दोमध्ये बोलायचं नसतं. खोकलासुद्धा माणूस गिळतो. मी ओठ मिटून बसलो आणि देवाची करुणा भाकत राहिलो की हे माझ्या डोक्यातून निसटू देऊ नकोस. मद्दो संपली, दुआ झाली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, ओशचे वाडगे फिरले. तोपर्यंत मला स्वतःचंच सुचणं खुळचट वाटायला लागलं होतं. मी वाडगा घेऊन खलिफांच्या शेजारी सरकलो आणि विचारलं की त्या पदाचा अर्थ काय?

ते म्हणाले, खरं सांगू? मला माहीत नाही. माझे वडील गायचे, तसं गातो.

मी म्हणालो, ओस्तोनचा झरा पिराचा आहे का?

"अर्थात पिराचा."

"मग अपा पाणी घरी नेते ते?"

खलिफांनी वाडगा खाली ठेवला. म्हणाले, पाणी आपण उचलून नेत नाही, ते आपण होऊन बाहेर येतं. भिंतीबाहेर आलं की ज्याची तहान त्याचं. एवढं बोलून ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, मग वरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. आम्ही दोघं एकमेकांकडे असे बघत राहिलो की समोरच्याला वाटावं ओशमध्ये काही पडलंय.

मग सगळी खोली बोलायला लागली. विजेची तार ओस्तोनच्या भिंतीला जवळजवळ घासूनच वर जाते. याक तिथून हलवायचाच नाही. तारच आत न्यायची आणि त्याच्यातून बाहेर काढायची. मग ते पिराकडून घेणं झालं, का पिराला न विचारता वापरणं झालं? एक जण म्हणाला, वीज पाण्यासारखीच, पाण्यातूनच तर निघते. दुसरा म्हणाला, पण पाणी पिराचंच असतं, वीज तर कदमशोच्या यंत्राची, तीच आत जाणार आणि तीच बाहेर येणार, मग पिराकडून काय घेतलं? कुणीतरी विचारलं, आत शिरली की तिच्यावरूनही धूर फिरणार का? मी कदमशोला विचारलं की अर्ध्या वाटेवरून चालेल का? तो म्हणाला, कदाचित वरच्यापेक्षा बरं चालेल, कदाचित दिवे फुटतील, लावून बघू.

शेवटी सगळे अपाकडे वळले. ती चुलीपाशी भाकऱ्या मोजून वाटत होती. तिने बीबींना विचारलं, कारण तिच्या लेखी खलिफांपेक्षा बीबींचा शब्द मोठा होता. बीबींनी दाढेखालची भाकर गिळली.

"आत खिळा ठोकायचा नाही," त्या म्हणाल्या. "याकाला जागचा हलवायचा नाही. आणि तार आत नेणाऱ्याने पायातलं काढून जायचं. बाहेर काय येतं ते पिराचं पीर बघेल."

अपाने त्यावर नुसती मान हलवली. पण तिने शेवटची भाकर दुरडीत परत ठेवून झाकली, आणि दुसऱ्या दिवशी घर सोडणारी बाई भाकर झाकून ठेवत नाही, हे माझ्या बायकोने मला कोपराने ढोसून दाखवलं.

शुक्रवारी विसावा मोडला, त्याबद्दल खलिफांनी आधीच दुआ मागून घेतली. सकाळपासून भुरभुर बर्फ. कदमशो मोज्यांवर आत गेला. खिळा नाही, म्हणून तारा शिंगांच्या बाजूने, लाकडी फळीला बांधून घेतल्या. पहिल्यांदा जोडलं तेव्हा याक गप्प आणि वर वाडीतले दिवे पार विझले. म्हणजे बाजू उलटी झाली होती. दुसऱ्यांदा जोडलं तेव्हा शेजारणीच्या घरातला दिवा फट्कन फुटला आणि ती बाई अंगणात येऊन आमच्या पूर्वजांना हाका मारायला लागली. कदमशो आतून ओरडून विचारत होता, जास्त झालं का कमी? आणि आम्ही डोंगरावर ओळीने उभे राहून तो प्रश्न वर पोचवत होतो, उत्तर खाली. वाटेत त्याचं काय काय होत होतं देव जाणे, कारण एकदा खाली उत्तर आलं, चहा तयार आहे.

एवढ्यात निगोराची जीप आली. ती कच्च्या वाटेवर उतरून चालत वर आली, भिंतीला हात लावला आणि आत पाहून जागच्या जागी थबकली. पिराच्या आवारात मोज्यांवर उभा कदमशो, बर्फात भिजलेले खलिफा, भिंतीबाहेरच्या दगडावर बसून जपमाळ ओढणाऱ्या बीबी, मधोमध तिच्या बापाचा याक. तिने मला विचारलं, मामा, हे काय चाललंय? मी सांगायला सुरुवात केली ती थेट दाजींच्या ट्रॅक्टरपासून.

तिसऱ्या वेळी याक घुमायला लागला. आधी वाटलं मधमाश्या, मग वाटलं दुरून कुणी रुबाबाची खालची तार नुसती धरून ठेवलीय. खलिफांनी कान टवकारले आणि त्यांच्या तोंडून आपोआप त्याच सुरात कालच्या पदाची पहिली ओळ निघाली. तेवढ्यात वरून ओरडा आला, पण आता काय म्हणतायत ते विचारावं लागलं नाही. अपाच्या घराच्या छतावर उंच चौकटीत बसवलेला झरोका खालूनही दिसतो. दिवसाढवळ्या, त्या करड्या बर्फात, तो पिवळा झाला होता.

निगोरा वर गेली. मी मागोमाग. अपा दिव्याखाली उभी होती आणि वाकडं जुळलेलं मनगट पालथं करून बघत होती. मग तिने मुलीला खुणेने बसवलं, कोपऱ्यातलं एक गाठोडं सोडलं आणि लोकर, सुया बाहेर काढल्या. निगोराने दिव्याकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं, सुईत दोरा ओवून पाहायला सांगितलं. अपाने ओवला. पहिल्या खेपेला चुकला, दुसऱ्या खेपेला ओवला. निगोरा म्हणाली, मी नुसत्या उजेडावर सोडणार नाही, बर्फ वितळलं की दाखवायला यायचं. अपा म्हणाली, येईन. जीप रिकामी परतली. नाही, रिकामी नाही, कोंबड्यांचं एक खुराडं बायकोने निगोराला दिलं, कारण अपाने कोंबड्या लेकीलाच देऊन टाकल्यात असं बायकोला वाटलं. तो गुंता अजून सुटलेला नाही.

पुढचा घोटाळा ताटलीचा. आमच्याकडे कुणी काही दिलं तर त्याचं भांडं रिकामं परत जात नाही. अपाने लोण्यातल्या भाकऱ्या भाजल्या, मातीच्या ताटलीत रचल्या, फडकं घातलं आणि माझ्याकडे आली. मी म्हणालो, मला कशाला? मी दिलेलं तुझंच होतं, आणि तेही तुझ्यापर्यंत पोचलं नाही. ती कदमशोकडे गेली, तो म्हणाला, वीज ओढ्याची, मी फक्त तारा बांधल्या, आणि शेजारणीचा दिवा फोडला तो वेगळाच. खलिफांकडे गेली, ते म्हणाले, मला त्या पदाचा अर्थसुद्धा माहीत नव्हता. तेव्हा ती ओस्तोनला गेली. बीबी म्हणाल्या, आत ठेवलीस आणि गुरुवार असला तर ताटली जाईल, विचार कर.

अपा हसली. तिला हसताना मी दाजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तिने ताटली याकाच्या झाकणावर ठेवली, जिथं माझी बायको जर्दाळू वाळवायची.

झाकण आता बारा महिने गरम असतं. हिवाळ्यात चहूकडे बर्फ आणि याकाच्या भोवती हातभर काळी, ओली जमीन. त्याच्यावर भाकर गार होत नाही. वरून येणारा, खाली जाणारा माणूस भिंतीला हात लावतो, ओठांना लावतो आणि ऊन भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकतो. कुणाची भाकर, कुणी विचारत नाही. ताटली रिकामी झाली की कुणीतरी पुन्हा भरून ठेवतं. गुरुवारी बीबी तिच्यावरूनही धूर फिरवतात.

मी तिथून जातो तेव्हा थोडा वेळ त्याच्याजवळ उभा राहतो. तो घुमत असतो. कधी कधी वाटतं विचारावं, दाजी, तुम्ही नक्की काय म्हणाला होतात त्या दिवशी? मग वरच्या झरोक्याकडे बघतो, तो पिवळा असतो, आणि मी माझा चढ चढायला लागतो, कारण मद्दोला उशीर झालेला मला चालत नाही.